वाजवलं पाच जणांनी, सही एकाची

१९७३च्या जूनमध्ये महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडनं लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत सहा रचना ध्वनिमुद्रित केल्या. त्या लोकांच्या हाती पडल्या १९९९च्या सप्टेंबरमध्ये. मधली सव्वीस वर्षं फिती पडून होत्या. ऐकणारे नव्हते म्हणावं, तर त्याच वर्षी या बँडची दुसरी तबकडी अमेरिकेतल्या लोकप्रिय तबकड्यांच्या यादीत पंधराव्या क्रमांकापर्यंत चढली होती, आणि तीही एक शब्द न गाता. अडलं होतं ते पाच वादकांच्या आपसात. या बँडच्या आयुष्यात पहिल्यांदाच सहापैकी तीन रचना बँडचा नायक जॉन मॅकलॉफ्लिन याच्याखेरीज इतरांच्या होत्या.

जॅझ-रॉक फ्यूजनचा, म्हणजे जॅझ आणि रॉक यांच्या मिलाफाचा, इतिहास सांगताना हा प्रसंग बहुतेक वेळा अहंकाराच्या भांडणाचा म्हणून सांगितला जातो. माणसं थकली होती, कीर्ती फार लवकर आली होती, बोलणं बंद झालं होतं, वगैरे. ते सगळं खरंच आहे. पण त्याच्या मुळाशी एक प्रश्न होता आणि तो आजही तसाच उभा आहे: चार-पाच जणांनी मिळून घडवलेलं संगीत नेमकं कुणाचं? कायद्यानं आणि धंद्यानं याचं फार अरुंद उत्तर देऊन ठेवलं आहे. त्या अरुंदपणाची किंमत या बँडनं मोजली, आणि आपल्याकडचे वादकही ती मोजतच आले आहेत. ते उत्तर बदललं पाहिजे, एवढंच मला इथं मांडायचं आहे.

कॉलेजात असताना एका मित्राकडून मला या बँडची कॅसेट मिळाली. भरून घेतलेली, त्यामुळे वेष्टन नव्हतंच. वर पेननं 'महाविष्णू – मॅकलॉफ्लिन' एवढंच लिहिलेलं. कित्येक महिने मी त्यातलं की-बोर्डवादक यान हॅमरचं मिनिमूग, म्हणजे एक छोटा सिंथेसायझर, गिटार समजून ऐकत होतो. सूर ओढून घेण्याची, मीडेसारखी वळवण्याची त्याची पद्धत इतकी गिटारच्या जवळची होती की हे दुसऱ्याच माणसाचे हात आहेत हे कळायला मार्गच नव्हता. नाव नसलं की माणूस असा दुसऱ्याच्या नावात विरघळून जातो.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणेशोत्सवात मांडवात होणारा गाण्यांचा कार्यक्रम आठवतो. या ऑर्केस्ट्रात मात्र पाचच माणसं होती, आणि पाच देशांत जन्मलेली. गिटारवर जॉन मॅकलॉफ्लिन, इंग्लंडमधल्या डॉनकास्टरचा. ड्रमवर बिली कोबम, जन्म पनामाचा, वाढला न्यूयॉर्कमध्ये. की-बोर्डवर यान हॅमर, प्राग शहरातला. १९६८मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरल्यावर देश सोडून अमेरिकेला आलेला. व्हायोलिनवर शिकागोचा जेरी गुडमन. बासवर डब्लिनचा रिक लेअर्ड, ज्यानं लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबात येणाऱ्या-जाणाऱ्या बड्या जॅझवादकांना रात्रीमागून रात्री साथ केली होती. १९७१च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या गॅसलाइट कॅफेत ते पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला बसले, आणि वर्ष संपण्याआधी 'द इनर माउंटिंग फ्लेम' ही त्यांची पहिली तबकडी बाजारात आली होती. पुढची 'बर्ड्स ऑफ फायर' १९७३च्या सुरुवातीला.

महाविष्णू हे नाव मॅकलॉफ्लिनला त्याच्या गुरूंनी दिलेलं. श्री चिन्मय हे मूळचे चितगावकडचे. वीस वर्षं पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात राहून १९६४मध्ये ते अमेरिकेला गेले. मॅकलॉफ्लिननं केस बारीक कापले, पांढरे कपडे घातले, मैफलीच्या आधी श्रोत्यांना क्षणभर शांत बसायला सांगू लागला. त्याची श्रद्धा खरी होती याबद्दल मला शंका नाही. पण बाकीचे चौघे चिन्मय यांचे शिष्य नव्हते. ते वादक म्हणून आले होते, आणि नाव मात्र एकाच्या दीक्षेचं होतं.

या दोन्ही तबकड्यांवर रचनाकार म्हणून एकच नाव आहे, जॉन मॅकलॉफ्लिन. सगळ्या रचनांखाली.

हा नियम त्यानं शोधून काढला नव्हता. तो स्वतः त्याच नियमाखालून आला होता. १९६९च्या सुरुवातीला तो ड्रमर टोनी विल्यम्सच्या बँडसाठी न्यूयॉर्कला आला आणि लगेचच जॅझमधला बडा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याच्या 'इन अ सायलेंट वे' आणि 'बिचेस ब्रू' या तबकड्यांवर वाजवू लागला. ७ एप्रिल १९७० रोजी न्यूयॉर्कमध्ये माइल्सचं 'जॅक जॉन्सन' या तबकडीसाठी ध्वनिमुद्रण होतं. माइल्स काचेपलीकडच्या खोलीत निर्माता टिओ मसेरोशी बोलत राहिला. इकडे वादक ताटकळत बसलेले. वैतागून मॅकलॉफ्लिननं गिटारवर एक ठेका धरला, जरा आडमुठा, ठोकून वाजवलेला. बिली कोबम त्याला मिळाला, बासवर मायकेल हेंडरसन मिळाला, आणि रंग चढतोय हे दिसताच माइल्स ट्रम्पेट घेऊन धावत आत आला. त्यातून तबकडीची जवळजवळ सत्तावीस मिनिटांची पहिली बाजू तयार झाली. 'राइट ऑफ' तिचं नाव. रचनाकार: माइल्स डेव्हिस.

माइल्सचा त्यात वाटा नव्हता असं कोण म्हणेल? तो आत आला त्या क्षणाला त्या संगीताला नाक-डोळे आले. पण पहिली ठिणगी कुणाची, ती पेटती कुणी ठेवली, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि कागदावर त्यातलं काही आलं नाही. मॅकलॉफ्लिन आजवर माइल्सबद्दल ऋणाच्याच भाषेत बोलत आला आहे. ज्याला हे चालून गेलं, त्याला तीनच वर्षांनी आपल्या बँडमधल्यांना हे का चालत नाही हे कळलं नसावं. अन्यायाची सवय अशीच पुढे सरकते. सासुरवास काढलेली सून पुढे सासू झाली की काय करते, हे आपल्या जात्यावरच्या ओव्यांना पक्कं ठाऊक आहे.

आता या बँडचं संगीत प्रत्यक्षात कसं बनत होतं ते पाहू, कारण वादाचा जीव तिथं आहे. 'बर्ड्स ऑफ फायर' ही रचना अठरा मात्रांच्या आवर्तनात फिरते. 'सेलेस्टियल टेरेस्ट्रियल कम्यूटर्स' एकोणीसच्या. 'द डान्स ऑफ माया' दहाच्या हिशेबानं सुरू होते. मात्रा दहा आहेत म्हणून तिला झपताल म्हणायचं नाही. टाळी-खाली, खंडांचं वजन, समेवर येण्याचा आनंद, यातलं काही तिथं आपल्या अर्थानं नाही. सुरुवातीला गिटारचे संथ, कडवट, एकेक सूर मोडून वाजवलेले तुकडे येतात. मग अचानक रस्ता बदलतो आणि ब्लूजची झुलणारी चाल सुरू होते, पण वीस मात्रांची, म्हणजे पाय ठोकायला जावं तर पाय चुकतो. आणि शेवटाकडे पहिले कडवट तुकडे या झुलत्या चालीवर येऊन बसतात. दोन्ही एकाच वेळी. पहिल्यांदा हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता आणि अजूनही येतो.

यातलं लिहिलेलं किती? सुरांचे तुकडे लिहिलेले असणार, मात्रांचा आकडा ठरलेला असणार. पण वीस मात्रांची चाल झुलते कशानं? कोबमच्या हातापायांनी. दोन बास ड्रमांवर तो जो गालिचा अंथरतो, तो कुठल्याही स्वरलिपीत मावणारा नाही. तो नसता तर त्याच स्वरावली एखाद्या अवघड गणितासारख्या कोरड्या राहिल्या असत्या. मग गिटार, व्हायोलिन आणि मिनिमूग यांचे सवाल-जवाब सुरू होतात. आधी आठ मात्रांचे, मग चार, मग दोन, मग तिघे एकमेकांच्या अंगावर. कुणी काय विचारायचं आणि कुणी काय उत्तर द्यायचं हे त्या रात्री त्या मंचावर ठरत होतं. आणि या सगळ्या वादळात रिक लेअर्ड बासवर एक साधी, न हलणारी ओळ धरून बसायचा. तो स्वतः उडायला गेला असता तर बाकीच्या चौघांना परत यायला घरच उरलं नसतं.

हे चौघे केवळ हुकमाचे वादक होते असा समज करून घेऊ नये. १९७३च्या मे महिन्यात, ट्रायडंटच्या जेमतेम महिनाभर आधी, कोबमनं न्यूयॉर्कमध्ये 'स्पेक्ट्रम' ही स्वतःच्या रचनांची तबकडी तीन दिवसांत मुद्रित केली. की-बोर्डवर यान हॅमरच होता. ती आज या प्रकारच्या संगीतातल्या पायाच्या दगडांत गणली जाते. हॅमरचं तर काय सांगावं: १९८५मध्ये 'मायामी व्हाइस' या दूरचित्रवाणी मालिकेसाठी त्यानं केलेलं शीर्षकसंगीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि वाद्यरचनेसाठीचं ग्रॅमी त्याला मिळालं. अशी माणसं दोन तबकड्यांवर केवळ वादक होती आणि रचनाकार एकच, असं कागद म्हणतो.

तर ट्रायडंट. सहा रचनांपैकी 'सिस्टर आंद्रेआ' हॅमरची, 'आय वंडर' गुडमनची, 'स्टेपिंग्ज टोन्स' लेअर्डची. बाकी मॅकलॉफ्लिनच्या. काम पूर्णत्वाला गेलंच नाही. त्याऐवजी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये झालेल्या मैफलीची तबकडी काढण्यात आली. तिच्यात 'सिस्टर आंद्रेआ' आली, गुडमन आणि लेअर्ड यांच्या रचना मागे राहिल्या. त्या सुमारास 'क्रॉडॅडी' या मासिकात हॅमर आणि गुडमन यांची मुलाखत छापून आली. नायकाच्या वागण्याबद्दलची नाराजी त्यांनी उघड बोलून दाखवली होती, आणि मॅकलॉफ्लिनला ती समजली तीही छापील पानावरून. मग समेटाचा एक प्रयत्न झाला, तोही फसला. १९७३च्या डिसेंबरअखेर हे पाच जण शेवटचे एकत्र वाजले. गॅसलाइट कॅफेपासून मोजलं तर अडीच वर्षंसुद्धा भरली नव्हती.

पुढे मॅकलॉफ्लिननं त्याच नावानं नवा ताफा उभा केला. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर जॉर्ज मार्टिनच्या निर्मितीत 'अपोकॅलिप्स' निघाली, मग 'व्हिजन्स ऑफ द एमराल्ड बियाँड'. आणि तिथंही व्हायोलिनवादक ज्याँ-ल्यूक पाँती रचनांच्या श्रेयावरून झालेल्या वादानंतर बाहेर पडला. माणसं बदलली, गुरू तोच, नाव तेच, भांडण तेच. याला केवळ स्वभावांचा झगडा म्हणून कसं सोडून द्यायचं?

मॅकलॉफ्लिनच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. माणसं त्यानं निवडली. सूर आणि मात्रांचे आराखडे तो घेऊन येत होता. ट्रायडंटच्या फिती ऐकल्या तर माझं मत असं होतं की त्यातल्या सर्वांत भव्य रचना, 'ड्रीम' आणि 'ट्रिलॉजी', त्याच्याच आहेत. गुडमन आणि लेअर्ड यांच्या रचना त्यांच्या शेजारी लहान वाटतात. सगळ्यांना सारखी जागा द्यायची म्हणून दुबळी रचना घ्यावी असं मी म्हणणार नाही. गाडी कुणीतरी हाकावी लागते, आणि समितीनं बसून कुठलीही कलाकृती केलेली मला माहीत नाही. शिवाय जॅझमध्ये नायकाच्या नावानं तबकडी निघणं हीच रीत होती.

पण यातला एकही मुद्दा मूळ प्रश्नाला उत्तर देत नाही. प्रश्न गुडमनची स्वतंत्र रचना किती चांगली हा नव्हताच. प्रश्न असा, की मॅकलॉफ्लिनच्या म्हणून छापलेल्या रचना पूर्णपणे मॅकलॉफ्लिनच्या होत्या का? आराखडा घर नसतो. त्यात चौघांनी भिंती बांधल्या, आणि वाजवता वाजवता खिडक्या कुठं हव्यात तेही ठरवलं. चाल आणणाऱ्याचा वाटा मोठा असेल, अगदी निम्म्याहून जास्त असेल. बाकीच्यांचा शून्य कसा असेल?

आणि हा केवळ मानाचा प्रश्न नाही. रचनाकाराच्या रकान्यात नाव असणं म्हणजे आयुष्यभराचं आणि मागं राहणाऱ्या मुलाबाळांचं उत्पन्न. अमेरिकेत आजही साध्या रेडिओवर तबकडी वाजली की रचनाकाराला पैसे मिळतात. वाजवणाऱ्याला एक पैसाही मिळत नाही. पन्नास वर्षांनी कुणी 'बर्ड्स ऑफ फायर' रेडिओवर लावली तर कोबमचे हात फुकट वाजतात. भारतात रचनाकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. म्हणजे त्या एका रकान्यातली ओळ ही सातबाऱ्यावरच्या नावासारखी आहे. जमीन कसणाऱ्याचं नाव उताऱ्यावर लागण्यासाठी या राज्यात केवढी चळवळ करावी लागली, ते आठवा.

कायद्याची मुळं पाहिली की हे असं का, ते कळतं. पाश्चात्त्य कायद्यानं संगीत म्हणजे कागदावर लिहिलेली चाल असं धरलं. आपण तो कायदा उचलला. १९७७मध्ये चित्रपटसंगीताच्या हक्कांचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला एक छोटी टिपणी जोडली. त्यांचं म्हणणं होतं की भारतीय श्रोता धावतो तो राग, भाव, लय आणि गळा यांच्यासाठी, आणि कायदा मात्र संरक्षण देतो ते छापील स्वरांना. ही आपल्या मातीला परकी गोष्ट आहे. संगीताची व्याख्या 'छापील किंवा लिहिलेली' या अटीतून सुटली ती १९९४च्या दुरुस्तीत. त्याच वेळी सादर करणाऱ्या कलावंताचा वेगळा हक्क कायद्यात आला, आणि २०१२च्या दुरुस्तीनं त्याच्या व्यावसायिक वापरातला वाटा आणि नाव लावून घेण्याचा अधिकार मान्य केला. पाऊल चांगलं आहे. पण यातही घडवणारा तो रचनाकार आणि वाजवणारा तो सादरकर्ता ही भिंत शाबूत आहे. वाजवता वाजवता घडवणाऱ्याची जागा दोन्हींच्या मधल्या फटीत जाते.

ती भिंत पाडता येते, याचं एक ठोस उदाहरण आहे. प्रोकोल हारम या ब्रिटिश बँडच्या १९६७च्या 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' या गाण्यातला ऑर्गन ज्यानं ऐकला असेल तो विसरणार नाही. गाणं आठवायला लागलं की आधी तो ऑर्गनच आठवतो. तो मॅथ्यू फिशरनं रचला आणि वाजवला, पण रचनाकारांत त्याचं नाव नव्हतं. अडतीस वर्षांनी तो न्यायालयात गेला. २००९मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठानं, निकाल दिला की गाण्याच्या संगीतातला चाळीस टक्के हक्क त्याचा. चाळीस! ज्याला आजवर साथीचा तुकडा म्हणत होते, त्याचं मोल. हाच माप महाविष्णूच्या पाच जणांना लावून पाहावा.

आपल्याकडे स्टुडिओत अशा तुकड्याला 'पीस' म्हणतात. दोन कडव्यांच्या मधला पीस, मुखड्याआधीचा पीस. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत हे पीस लिहिणारे, वाद्यमेळ बसवणारे अरेंजर मोठ्या संख्येनं गोव्याचे होते. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेले, रात्री हॉटेलांत जॅझ वाजवणारे आणि दिवसा स्टुडिओत हिंदी गाण्यांना हार्मनी चढवणारे. सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड. एका पिढीच्या कानांत जी गाणी बसली आहेत त्यांतले निम्मे सूर या हातांनी लिहिलेले आहेत असं मी म्हटलं तर ते अतिशयोक्त वाटेल, पण कुठलंही जुनं गाणं घ्या आणि त्यातले पीस काढून फक्त चाल गुणगुणून बघा. पडद्यावर त्यांची नावं आली तर सहाय्यक म्हणून, एरवी नाहीच.

मीही काही वर्षं असं वाजवलं आहे. भक्तिगीतांच्या एका ध्वनिमुद्रणात संगीतकारानं चाल गुणगुणून दाखवली आणि "मधे काहीतरी छान टाका" म्हणाला. बासरीवाल्यानं आणि मी मिळून अर्ध्या तासात तीन पीस बसवले. शिफ्टचे पैसे मिळाले, रोख, वेळेवर. वेष्टनावर आमची नावं नव्हती. तो बासरीवाला आता हयात नाही. त्याचा एक पीस मात्र दर एकादशीला कुठल्या ना कुठल्या देवळाच्या कर्ण्यावर वाजतो, आणि दर वेळी मला वाटतं की त्याच्या मुलीला थांबवून सांगावं, हे तुझ्या बाबांचं आहे.

यावर हमखास येणारं उत्तर असं, की कलावंतानं नावाचा मोह धरू नये. संगीत ही साधना आहे. महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या बाबतीतही हे बोललं जातं: नायक परमेश्वराला अर्पण करत होता आणि बाकीचे श्रेय मागत होते. हे बोलणं मला खोलवर खटकतं. मराठी संतांइतकं सगळं विठ्ठलाला वाहून टाकणारं दुसरं कोण आहे? आणि तरीही अभंगाच्या शेवटी नाममुद्रा आहे. नामा म्हणे. तुका म्हणे. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी जनाबाई सुद्धा 'म्हणे नामयाची जनी' अशी सही करते. त्या दोन-तीन शब्दांत धन्याचं नावही आहे आणि तिचं स्वतःचंही. सातशे वर्षांपूर्वी एका दासीला तिच्या ओळी तिच्या नावावर ठेवता आल्या, कारण संतांच्या त्या मेळ्यात नाव लावणं हा अहंकार मानला जात नव्हता, ती जबाबदारी होती: हे मी बोलले, याचा भार माझा. ख्यालाच्या बंदिशीतही 'सदारंग' येतो, 'प्रेमपिया' येतो. तबलजीला मात्र आपली मुद्रा घालायला जागाच नाही. म्हणून ज्यांच्या हातात शब्द नाहीत, त्यांची नावं कागदावर लिहिणं आणखी गरजेचं.

मॅकलॉफ्लिनच्याच आयुष्यात याचं अर्धंमुर्धं उत्तर पुढे सापडतं, आणि ते आपल्या फार जवळचं आहे. महाविष्णूचा पसारा आवरत असतानाच त्यानं 'शक्ती' उभी केली. कर्कश विजेची गिटार बाजूला ठेवून तो मांडी घालून बसला. एका बाजूला व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम, आणि तबल्यावर माहीमचा झाकीर हुसेन, वय पंचविशीच्या आत. १९७६मध्ये निघालेल्या पहिल्या तबकडीवर 'जॉय' ही लांबलचक रचना मॅकलॉफ्लिन आणि एल. शंकर या दोघांच्या नावावर आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी जे जमलं नव्हतं ते इथं झालं. पण 'जॉय' ऐकताना शेवटची दहा मिनिटं काळजीपूर्वक ऐका. तबला आणि घटम जे तिहाया बांधतात, जे कोरवै, म्हणजे कर्नाटक तालातले समारोपाचे तुकडे, उभे करतात, त्यांच्याशिवाय ती रचना कुठं उभी राहील? ते दोघे त्या ओळीत नाहीत. हा कुणाच्या वाईटपणाचा भाग आहे असं मला वाटत नाही. ठेका म्हणजे साथ आणि सूर म्हणजे रचना, ही समजूत पूर्वेत आणि पश्चिमेत सारखीच पक्की बसलेली आहे. 'शक्ती' टिकली मात्र. मोठ्या खंडानंतर नव्या साथीदारांसह परत आली, तिच्यात शंकर महादेवन गायला, आणि २०२४च्या फेब्रुवारीत 'धिस मोमेंट'ला ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये झाकीरभाई गेले. पाच दशकं या दोघांची मैत्री टिकली ती नुसत्या कागदावर नक्कीच नाही; पण एकमेकांना बरोबरीचं मानण्याची रीत तिथं पहिल्या दिवसापासून होती.

मग करायचं काय? बँड असो, स्टुडिओ असो, नाटकाचं पार्श्वसंगीत असो, काम सुरू होण्याआधी वाटा लिहून ठरवावा. यश आल्यावर ठरवायला बसलं की प्रत्येकाची आठवण बदललेली असते. आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडनं आपली गाणी चौघांच्या नावावर लावण्याची रीत सुरुवातीपासून ठेवली, चाल कुणीही आणलेली असो, आणि तो बँड तीस वर्षं चालला. सारखाच वाटा हवा असं माझं म्हणणं नाही. चाल आणणाऱ्याला जास्त द्या, पण ठेका घडवणाऱ्याला, पीस रचणाऱ्याला, वाद्यमेळ बसवणाऱ्याला रचनेच्याच रकान्यात जागा द्या, शिफ्टच्या पाकिटात नव्हे. कायद्यात 'वाद्यमेळ बसवणारा' आणि 'वादनातून घडवणारा' यांना सहरचनाकार मानायची स्पष्ट वाट हवी, म्हणजे फिशरसारखं अडतीस वर्षं थांबावं लागणार नाही. आणि ज्या अ‍ॅपवर आपण सगळे आता ऐकतो, त्यांनी प्रत्येक गाण्याखाली वादकांची नावं दाखवावीत. एलपीच्या पाठीवर निदान बासवर कोण आणि ड्रमवर कोण हे छापलेलं असायचं. वेष्टन गेलं आणि ती एवढीशी जागाही गेली. माझ्या त्या कॅसेटसारखी सगळ्या जगाची अवस्था झाली आहे. माहिती साठवायला जागा पुरत नाही, ही सबब आज कुणी देऊ शकत नाही. मराठी संगीतकारांना तर यासाठी कायद्याची वाटही पाहायला नको. पुढचं गाणं प्रसिद्ध करताना खाली बासरी, ढोलकी, की-बोर्ड यांपुढे माणसांची नावं लिहायला किती वेळ लागतो?

ट्रायडंटच्या फिती १९९९मध्ये बाहेर आल्या तेव्हा रिक लेअर्डनं बास वाजवणं केव्हाच सोडलेलं होतं. तो छायाचित्रकार झाला होता. २०२१मध्ये तो गेला. 'स्टेपिंग्ज टोन्स' जेमतेम तीन मिनिटांची आहे. बासची एक चढती चाल, पायऱ्या चढावी तशी, एकेक पाऊल दमानं टाकत, आणि तिच्यावर बाकीचे चौघे जपून पाय ठेवत येतात. एरवी त्यांनी उडावं म्हणून तो जमीन धरून बसायचा. इथं ते त्याच्या मागून चालतात. खाली कंसात लिहिलेलं आहे: लेअर्ड.